सोलकढीच्या गावात थाई ताट

थाई जेवण रत्नागिरीच्या जिभेला परकं का वाटावं? त्यांचे कितीतरी रस्से नारळाच्या दुधावर उभे असतात, आपली सोलकढीही. तिकडे आंबटपणाला चिंच-लिंबू, इकडे आमसूल. आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्यांनी त्यांच्या गोडसरपणाला नावं ठेवू नयेत. लेमनग्रास म्हणजे परसातला गवती चहाच. मिरची तर दोघांचीही नव्हे, ती अमेरिकेतून आली.

कुणी म्हणेल, थाई जेवणातल्या मासळीच्या सॉसचा वास सोसवत नाही. मग घरात जवळा भाजताना शेजाऱ्यांना काय वाटतं, तेही विचारावं. मासळी टिकवायला मीठ दोघांनाही लागतं; आपण खारवून उन्हात वाळवतो, ते बरणीत मुरवतात. खरा फरक वाटणात आहे. आपण कांदा-खोबरं खरपूस भाजतो, ते मिरची, लसूण, गवती चहा कच्चाच खलात कुटतात. म्हणजे परकेपणा जिन्नसांत नाही, हातात आहे. तसा पूर्वेचा पाहुणाही आपल्याला नवा नाही: थायलंडशेजारच्या ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ ते १९१६ याच गावात नजरकैदेत राहिला. पाहुण्यांना आपण त्याचा राजवाडा दाखवतो, त्याच्या ताटात काय असे हे मात्र विचारत नाही. आता पूर्वेचं ताट समोर आलंच तर आधी घास घ्या, मत नंतर द्या.