ग्रॅन्बीच्या उंदीरवाल्या बाई

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी नावाचे एक लहानसे गाव आहे. १९०० सालच्या सुमारास अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या एक बाई तेथे राहावयास आल्या. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी आईवडिलांप्रमाणेच शिक्षकाचा पेशा पत्करला होता. परंतु त्यांना रक्तक्षयाचा एक दुर्धर विकार जडला आणि शाळा सोडावी लागली. पोटासाठी त्यांनी कोंबड्या पाळून पाहिल्या. तो धंदा बुडाला. मग त्यांनी उंदरांची एक जोडी आणली.

घरातले उंदीर घालविण्यासाठी माणसे मांजर पाळतात, सापळे लावतात, बिळे बुजवितात. आणि या बाई तर उंदीर मुद्दाम घरी आणीत होत्या! परंतु ही हौस त्यांच्या एकट्यांचीच नव्हती. निरनिराळ्या रंगांचे उंदीर कसे पाळावेत व त्यांची पैदास कशी करावी, हे सांगणारे एक पुस्तक जपानात १७८७ सालीच छापले गेले होते. इंग्लंडात १८९५ साली हौशी लोकांनी उंदरांसाठी एक मंडळ स्थापिले. आपण जसे बैलांचे प्रदर्शन भरवितो, तसे तेथे उंदरांचे प्रदर्शन भरे आणि उत्तम रंगाच्या उंदराला बक्षीस मिळे.

बाईंची पहिली जोडी होती नाचऱ्या उंदरांची. हे उंदीर स्वतःभोवती गरगर फिरत राहतात. पाहणाऱ्याला मोठी मौज वाटते. पण तो नाच आनंदाचा नव्हे. त्यांच्या कानांच्या आतील भागात जन्मतःच दोष असतो, त्यामुळे त्यांचा तोल राहत नाही आणि त्यांना ऐकूही येत नाही. दिसावयास गमतीदार असलेली प्रत्येक गोष्ट त्या प्राण्याला सुखाची असतेच असे नाही.

जोडीचे दहा झाले, दहाचे शंभर झाले. पुढे बाईंच्या घरामागील कोठारात व छपरांखाली दहा हजारांहून अधिक उंदीर नांदू लागले. लाकडी पेट्यांत पेंढा घातलेला असे. ओट आणि बिस्किटे हे त्यांचे अन्न. पेट्या साफ करावयास गावातील मुले येत. त्यांना तासाला सात सेंट मजुरी मिळे. उंदरांचे रंग तरी किती! मलईसारखे फिकट, रुपेरी झाक असलेले तांबूस, माणकासारख्या लाल डोळ्यांचे पिवळे, शुभ्र पांढरे.

हे रंग येतात कोठून? रानातल्या उंदराचा एक केस नीट पाहिला, तर तो मुळाशी काळसर असतो आणि टोकाजवळ त्यावर पिवळा पट्टा असतो. या दोहोंच्या मिश्रणाने अंग करडे दिसते. पट्टा नाहीसा झाला की उंदीर काळा होतो. रंगद्रव्यच तयार झाले नाही, तर तो पांढरा. करड्या रानउंदराची व पांढऱ्या उंदराची जोडी लावली, तर सारी पिले करडी निपजतात. पांढरा रंग जणू हरवतो. परंतु याच पिलांची पुढे आपसात जोडी लावली, की दर चार नातवंडांत साधारण एक पांढरे निघते! मेंडेल यांनी वाटाण्यांत शोधलेला हा नियम उंदरांनाही लागू पडतो, हे फ्रान्समधील क्वेनो यांनी १९०२ साली दाखविले.

पिवळ्या उंदरांचे कोडे मात्र अवघड होते. पिवळ्यांचीच जोडी लावली, तरी काही पिले दुसऱ्याच रंगाची निघत. निव्वळ पिवळे घराणे कोणालाच जमेना. पिवळेपणाचा वारसा आई व बाप या दोघांकडूनही आला, तर ते पिलू जन्मापूर्वीच मरते, असा उलगडा हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक कॅसल व त्यांचे शिष्य लिटल यांनी १९१० साली केला.

हे कॅसल बाईंचे गिऱ्हाईक होते. प्रदर्शनासाठी जोपासलेले उंदीर आता प्रयोगशाळांत जाऊ लागले. बाई नुसते उंदीर विकीत नव्हत्या. कोणत्या जोडीला कोणती पिले झाली, याची टिपणे त्या जपून ठेवीत. एकदा काही उंदरांच्या अंगावर त्यांना विचित्र गाठी आढळल्या. दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याने असले उंदीर मुकाट्याने मारून टाकले असते. गिऱ्हाइकाला कळले तर धंदा बसावयाचा! बाईंनी निरनिराळ्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली. डॉ. लिओ लोब यांनी तपासून कळविले, की हा कर्करोग आहे.

मग दोघांनी मिळून वर्षानुवर्षे प्रयोग केले. बाईंच्या वह्यांत घराण्यांची नोंद होतीच. त्यामुळे काही घराण्यांत हा रोग वारंवार होतो आणि काहींत क्वचित, हे दिसून आले. मादीची अंडाशये काढून टाकल्यास स्तनांतील गाठी कमी होतात, हेही आढळले. या संशोधनाचे निबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. महाविद्यालयात संशोधन न शिकलेल्या एका आजारी शिक्षिकेचे नाव नामांकित डॉक्टराच्या नावाशेजारी छापले गेले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

बाईंचा स्वतःचा आजार मात्र हटला नाही. १९१८ साली त्या वारल्या. त्यांच्या विकारावर यकृत खाण्याचा गुण येतो, हे १९२६ साली जाहीर झाले. अवघी आठ वर्षे!

१९२१ साली लिटल यांनी बाईंच्या उंदरांतून काळ्या उंदरांचे एक घराणे तयार केले. त्याच्या मुळाशी ५७ क्रमांकाची मादी होती, म्हणून त्याचे नाव पडले ‘सी ५७ ब्लॅक’. शास्त्रज्ञांनी २००२ साली उंदराच्या वारशाची लिपी वाचून प्रसिद्ध केली, ती याच घराण्यातील एका मादीची. २०१४ साली याच घराण्यातील उंदीर अवकाशस्थानकापर्यंत जाऊन पोहोचले. जगभरच्या प्रयोगशाळांत आज हे काळे उंदीर आहेत. त्यांच्या पिंजऱ्यांवर बाईंचे नाव नसते; ग्रॅन्बीच्या त्या मादीचा ५७ हा आकडा मात्र असतो.