गोळीची निवड

मराठवाड्यात आज हरणाची शिकार कायद्याने करता येत नाही. काळवीट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आमच्या आजोबांच्या पिढीचा तो छंद केव्हाच इतिहासजमा झाला आहे. झाला ते बरेच झाले, असे आम्ही मानतो. तरीही मागच्या नाताळात लातूरच्या आमच्या घरी, हरीण मारण्यासाठी कोणती गोळी निवडावी या प्रश्नावर आठ दिवस चर्चा चालली होती, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

आमचा पुतण्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोकरीस आहे. तेथे परवाना काढून नोव्हेंबर महिन्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते. तो दरवर्षी एक हरीण मारतो आणि त्यासाठी लागणारी काडतुसे घरीच भरतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू अण्णा, नांदेड जिल्ह्यात कंधार तालुक्यात शेती करतात. मुलाचा हा उद्योग त्यांना मुळीच पसंत नाही.

काडतुसाची अंगे चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. ती साफ करून, साच्यात दाबून, नवी टोपी, मोजलेली दारू व गोळी बसवली की पुन्हा काडतूस तयार होते. वजने ग्रेनमध्ये धरतात; एका पौंडात ७,००० ग्रेन. हरणासाठी .३०८ व्यासाची १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपासची गोळी पुष्कळ जण पसंत करतात. दारू मात्र छापील तक्त्यात पाहूनच घालायची. तेथे अंदाज चालत नाही. जास्त झाली तर बंदूकच फुटायची.

हे ऐकताना आम्हांला आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. निजामाच्या राजवटीत ती घरात होती. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, वर शिशाचे छर्रे सोडायचे आणि पुन्हा गजाने ठासायचे. आजोबांचा हिशेब मुठीचा होता. त्या छर्ऱ्यांनी पडलेल्या काळविटांपेक्षा जखमी होऊन माळावरून पळालेल्यांची संख्या अधिक होती, असे आमच्या आजीच सांगत. ती कोठे जाऊन मेली, हे कोणी पाहिले नाही.

पुतण्याच्या निवडीचे मूळ नेमके या ठिकाणी आहे. टणक कवचाची गोळी हरणाच्या अंगातून आरपार जाते, लहान भोक पाडते, आणि जनावर मैलभर पळून तासन् तास तडफडते. म्हणून शिकारीची गोळी शरीरात शिरताच उमलावी लागते. अशा गोळीचे एक प्रसिद्ध नाव आपल्याच देशातले आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघड्या टोकाची, शरीरात पसरणारी गोळी तयार झाली. तिच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ साली हेग येथे भरलेल्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या. स्कॉटलंडमध्ये मात्र १९८५ च्या आदेशानुसार हरणावर पसरणारीच गोळी वापरावी लागते. जी गोळी माणसाच्या बाबतीत क्रौर्य ठरली, तीच हरणाच्या बाबतीत दया ठरली! युद्धात माणूस जखमी होऊन बाजूला झाला तरी पुरते. शिकारीत जखमी करून सोडणे हेच पाप.

दुसरा प्रश्न शिशाचा. पसरणाऱ्या गोळीचा गाभा बहुधा शिशाचा असतो. तो फुटला की डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून दूरवर मांसात जाऊन बसतात. २००८ साली नॉर्थ डाकोटा राज्यात दान म्हणून आलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळले, आणि ते मांस गरिबांना वाटू नये असे तेथील आरोग्य खात्याने कळवले. शेजारच्या मिनेसोटात दानाचे मांस क्ष-किरणांखाली तपासू लागले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वाधिक बाधते. आमचा पुतण्या अर्धे मांस अशाच एका अन्नछत्रास देतो. तेव्हापासून तो संपूर्ण तांब्याची गोळी वापरतो. तांबे शिशाहून हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत अधिक जागा घेते, आणि दारूचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. वेग कमी पडला तर ती उमलत नाही. म्हणून लांबवरचा नेम सोडून द्यावा लागतो. शिवाय ती महाग. "पण काका," तो म्हणाला, "ज्यांना आपण मांस देतो त्यांना गोळी कसली होती हे विचारता येत नाही. त्यांच्या वतीनं आपणच विचारायचं."

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते एवढेच म्हणाले, "मारायचंच आहे तर दयेच्या गप्पा कशाला?"

संत ह्युबर्ट यांची कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल. हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि या शिकाऱ्याचे जीवन पालटले. तरीही त्यांनाच शिकाऱ्यांचे आश्रयदाते मानतात; ३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. मारणाऱ्यालाही काही मर्यादा असते, असे परंपरेने मानले असावे. पण अण्णांच्या प्रश्नाला ते पूर्ण उत्तर नव्हे, हेही खरे.

उत्तर मिळाले ते कंधारच्या शिवारात. जानेवारीत हरभरा घाट्यांवर आला की काळविटांचे कळप आणि रानडुकरे रात्री पिकात उतरतात. वन खाते पंचनामा करून नुकसानभरपाई देते, पण तिने पीक परत येत नाही. अण्णांच्या शेजाऱ्याने बांधावरच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचे ठरवले होते. झटका यंत्राचा क्षणिक झटका जनावराला केवळ बिचकवतो. थेट जोडलेली तार मात्र ठार करते. अशा तारांनी महाराष्ट्रात जनावरांबरोबर माणसेही मेली आहेत. अण्णा त्यांना समजवायला गेले. शेजारी पटकन म्हणाले, "तुमचं पोरगं तिकडं हरणं मारतंच की!"

अण्णा घटकाभर थांबले आणि म्हणाले, "मारतं. पण समोर काय हाय ते बघून मारतं. तारंला डोळे नसत्यात. राती तुमचा सालगडी पाणी द्यायला आला तर?"

अण्णांनी हे आम्हांला सांगितले तेव्हा आम्ही थक्क झालो. मुलाची बाजू त्यांनी घेतली नव्हती. पण त्याच्या म्हणण्यातला गाभा त्यांनी नेमका उचलला होता. शेजाऱ्यांनी तार जोडली नाही. दोन्ही घरांनी पाळीपाळीने माळ्यावर जागून, डबे वाजवून, गोफणी फिरवून रात्री काढल्या. तरीही हरभऱ्याचे दोन पट्टे गेले. पंचनामा झाला आहे. रक्कम हाती यायची आहे.

अण्णांना मुलाची शिकार अजूनही रुचत नाही, आणि पुतण्यानेही ती सोडलेली नाही. आम्हांला त्यांच्यात निवाडा करायचा नाही. मात्र आपण पिकावर फवारतो ते औषध, बांधावर ओढतो ती तार, ताटात वाढतो ते अन्न, या प्रत्येकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभे असते, आणि ते बहुधा आपल्याला दिसत नाही. पुढच्या हंगामासाठी शेजाऱ्यांनी झटका यंत्राची चौकशी सुरू केली आहे. त्यातला निम्मा खर्च अण्णा उचलणार आहेत.