जेसीबी सांगायच्या आधी वावराच्या पोटात काय आहे ते बघा



कांदे निघाले, गहू घरात आला की आपल्या निफाड भागात जेसीबीचा सीझन सुरू होतो. कुणाला चर मारायचा असतो, कुणाला शेततळं, कुणी वावर सपाट करतो, कुणी धरणातला गाळ टाकतो. मशीन तासावर असतं, त्यामुळं आलं की नुसती घाई. ऑपरेटर बाहेरगावचा पोरगा. तुमची लाईन कुठनं गेली ते त्याला काय माहीत?

मागच्या एप्रिलात आमच्या शिवारात दोन चुलतभावांचं यावरनंच वाजलं. एकानं चर मारायला मशीन लावलं आणि बकेटमध्ये दुसऱ्याची तीन इंची लाईन उचकटून आली. तसं बघितलं तर एक तुकडा, दोन कपलिंग आणि सोल्युशन, तासाभराचं काम. पण पैसे कुणी द्यायचे यावर चार दिवस गेले. "माझ्या वावरातनं तुझी लाईन आलीच कशी" इथपर्यंत विषय पोचला. लाईन तर वाटणीच्या आधीची, दोघांच्या बापांनी मिळून गाडलेली! तिकडं कांद्याचे डेंगळे ऐन दाणा भरायच्या टायमाला पाण्यावाचून राहिले. बी हलकं निघालं. दोघं अजून बोलत नाहीत, आणि म्हातारी काकू दोन्ही घरांच्या मधे अडकलीय.

यंदा मलाही खालच्या वावरात पाणी साचतं म्हणून चर काढायचा होता. मशीन सांगायच्या आधी शेजारच्या तात्यांना वावरात घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढं, काठी टेकत चालतात. आमच्या सामाईक विहिरीवरनं चार हिश्श्यांच्या लाईनी निघतात. त्या गाडल्या तेव्हा माझे वडील आणि तात्या, दोघं हजर होते. आता तात्याच उरलेत. ते काठीनं दाखवत पुढं, मी फक्की टाकत मागं. कुठं टी आहे, कुठं बेंड मारला, सगळं तोंडपाठ. एका ठिकाणी म्हणाले, इथं खडक लागला म्हणून बाभळीला वळसा घालून लाईन नेली. ती बाभूळ तुटून वीस वर्षं झाली. पण ते उभे राहिले तिथं फावड्यानं दोन फूट उकरलं आणि पाईप लागला. (उकरायला फावडंच घ्या. पहार घातली तर पीव्हीसीला भोक पडलंच समजा.)

सांगणारं कुणी नसेल तर जमीन थोडंफार सांगते. काळ्या रानात चारी बुजवताना खालचा मुरूम वर येतो, त्याचा फिकट पट्टा नांगरटीनंतर दिसतो. कुठं माती दबून सरळ खोलगट रेघ राहते. उन्हाळ्यात एखाद्याच जागी गवत हिरवं असेल तर तिथं जॉईंट गळत असणार. धातू शोधायचं मशीन प्लास्टिकच्या पाईपला काही कामाचं नाही. म्हणून नवीन लाईन गाडताना पाईपासोबत एक तार टाकून ठेवावी, पुढं शोधायला सोपं जातं. आणि नारळवाल्याच्या भरवशावर बकेट टाकू नका, एवढं माझं ऐका.

खोलीचा विषय जास्त महत्त्वाचा वाटतो. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४९ मध्ये दुसऱ्याच्या शेतातनं पाणी न्यायची तरतूद आहे. त्यात पाईप जमिनीखाली किमान अर्धा मीटर पाहिजे असं आहे. अर्धा मीटर म्हणजे दोन फूटसुद्धा नाही. सबसॉयलर दीड-दोन फूट सहज जातो. त्यात सपाटीकरणाला उंचवट्याची फूटभर माती निघाली की कायद्यानं गाडलेली लाईन सुद्धा नांगराच्या फाळाला लागते. गाळ टाकला की उलटं होतं. लाईन खोल जाते, पण व्हॉल्व्हचा खड्डा आणि खुणेचा दगड गाळाखाली गडप होतो. म्हणून गाळ टाकायच्या आधी बांधावरच्या पक्क्या झाडापासनं पावलं मोजून वहीत लिहून ठेवावं.

पाईपाशेजारी मोटरीची केबल असेल तर खेळ जिवाशी आहे. दिवसा लाईट नाही म्हणून केबल मेलेली समजू नये. ऑटो स्टार्टर असेल तर लाईट आल्याबरोबर थ्री फेज करंट केबलमध्ये येतो. चर चालू आहे तोवर मेन स्विच बंद करून फ्यूज आपल्या खिशात ठेवावेत.

दुसऱ्याच्या मालकीच्या लाईनी वेगळ्या. रस्त्याकडेला फायबर आणि नळपाणी योजनेचे पाईप असतात. आपल्या जिल्ह्यातनं मुंबई–मनमाड इंधनाची लाईनही जाते. पिवळे खांब दिसले तर मधला भाग मोकळा समजू नये, एका खांबापासनं दुसऱ्यापर्यंत लाईन चालू असते. १९६२ च्या कायद्यानं त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर, विहीर, तळं, झाडं चालत नाहीत. शेततळं किंवा आंब्याची बाग ठरवण्याआधी सातबाऱ्याचे इतर हक्क वाचा. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय. खोदायची जागा त्यात टाकली की तिथली लाईन ज्यांची आहे त्यांना निरोप जातो. पण तुमच्या भावकीची लाईन त्यात नसते, तिला तात्याच लागतात.

इंधनाच्या लाईनला धक्का लागलाच तर बुजवायच्या नादी लागू नका. विडी-काडी नको, तिथं मशीन किंवा गाडी चालू करणं नको. माणसं वाऱ्याच्या उलट्या दिशेनं लांब न्या आणि खांबावरच्या नंबरला फोन करा.

आमचा चर झाला, एकही पाईप फुटला नाही. वहीतला नकाशा चारही हिश्श्यांच्या मोबाईलवर पाठवला. काल तात्यांना आणखी एक आठवली, बहात्तरच्या दुष्काळानंतर टाकलेली सिमेंटच्या पाईपची लाईन, जांभळीच्या अंगाला. रविवारी पोरगा सुट्टीवर येतोय, त्याला सोबत घेऊन उकरून बघतो.