मनाचे माप आणि मनाची बोली

मनोरुग्णाची परीक्षा करण्याच्या दोन रीती आहेत. वस्तुनिष्ठ रीतीत ठरावीक प्रश्न असतात आणि उत्तरांना गुण देऊन आकडा काढला जातो. अनुभवनिष्ठ रीतीत रुग्णाला आतून काय जाणवते, ते त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावयाचे असते.

आमची उभी हयात सरकारी रकाने भरण्यात गेली. त्यामुळे पहिल्या रीतीची थोरवी आम्ही जाणतो. रकाना तोंड पाहून टिळा लावीत नाही. आपल्या भाषांनाही ती परकी नाही. मुंबई इलाख्याच्या काळात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी तयार केली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. ‘बिने-कामत’ चाचणी आजही वापरात आहे. भाषा बदलली की प्रश्नही बदलावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु बुद्धीपेक्षा दुःख मोजणे अवघड. ‘कोणी नसताना आवाज ऐकू येतो काय?’ या प्रश्नाला सौंदत्तीच्या यल्लम्माची एखादी भक्तीण ‘होय, आई बोलते’ म्हणेल. एखादा भेदरलेला तरुणही ‘होय’च म्हणेल. रकान्यात दोन्ही होकार सारखे. पण तिला त्या बोलण्याने धीर येतो, त्याचे अन्नपाणी सुटते. जर्मन मनोवैद्य कार्ल यास्पर्स यांनी १९१३ सालच्या ग्रंथात हाच भेद मांडला. विकाराचे कारण शोधणे वेगळे आणि रुग्णाचा अनुभव समजून घेणे वेगळे. त्यासाठी आपले सिद्धान्त काही काळ बाजूस ठेवावे लागतात.

आम्हां सीमावासीयांस हे अधिक जाचते. समजा, निपाणीच्या एखाद्या आजीला धारवाडच्या मनोरुग्णालयात नेले. ‘जीव खालीवर होतो, घरात असून घर आपलं वाटत नाही,’ असे ती म्हणते. कन्नड शाळेत शिकलेला नातू मध्येच बोलतो आणि कागदावर ‘झोप नाही’ एवढेच उतरते. लक्षण पोहोचते, दुःख वाटेतच राहते.

आकडा हवाच. औषध लागू पडले की नाही, हे त्यावरून ताडता येते. मात्र पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या आपल्या घरांतून कोणास डॉक्टरांकडे न्यावे लागले, तर त्याच्या वतीने आपण उत्तरे देऊ नयेत. त्याचे बोलणे जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत टिपून न्यावे आणि दुभाष्याने ते शब्दशः सांगावे. एवढे तरी आपल्या हाती आहे.