पांजरपोळ ते परळ

मुंबईत भुलेश्वर आणि सी. पी. टँक यांच्या दरम्यान, दुकानांच्या दाटीत, एक दरवाजा आहे. तो ओलांडताच बाजाराचा कोलाहल मागे पडतो आणि हिरव्या चाऱ्याचा वास येऊ लागतो. ही मुंबईची पांजरपोळ. १८३२ साली इंग्रज सरकारच्या भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. एक पारशी, एक जैन. दोघेही चीनशी व्यापार करणारे. आजही सणासुदीला आसपासच्या पेढ्यांवरील मंडळी येथे गाईंना चारा घालायला येतात.

त्यामुळे काळबादेवी-झवेरी बाजारातील घरात सशाचे पिल्लू आजारी पडले, की पहिल्यांदा पांजरपोळच आठवावी हे स्वाभाविक होय. ही पिल्ले बहुधा जवळच्या क्रॉफर्ड मार्केटातून, पुष्कळदा आईचे दूध तुटण्यापूर्वीच, आलेली असतात. पिंजऱ्यातील जीव सुटावा म्हणून पैसे मोजणारेही असतात. परंतु रिकाम्या झालेल्या जागी विक्रेता दुसरे पिल्लू आणून ठेवतो, हा हिशोब व्यापाऱ्याच्या घरात तरी उमगायला हवा.

पांजरपोळ मुख्यतः आश्रय देते, आणि आजारी पिल्लाला हवे असतात ते उपचार, तेही तातडीने. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव. कान थंड लागणे, कोपऱ्यात अंग चोरून बसणे, गवताला तोंड न लावणे आणि मुख्य म्हणजे लेंड्या बंद होणे किंवा पातळ होणे, ही त्याची भाषा. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. त्याला उलटी करता येत नाही. पिल्लाला जुलाब लागले तर अंगातील पाणी काही तासांतच आटते. ‘आज पेढी बंद झाल्यावर पाहू’ असे म्हणण्याइतकी सवड तेथे नसते. मायेपोटी पाजलेले गाईचे दूध त्याला सोसत नाही. आणि माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिले तर ते सशाच्या जिवावर बेतू शकते. घरातील औषधांच्या डब्याला म्हणूनच हात लावू नये.

अशा वेळी टॅक्सी उत्तरेकडे, परळला न्यावी. परळ ही इस्पितळांची वस्ती. केईएम, वाडिया, टाटा यांच्या शेजारीच आचार्य दोंदे मार्गावर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ साली स्थापन झालेल्या संस्थेचे ते कार्य. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून ते उभे राहिले आणि त्यांच्या पत्नीचे नाव त्याला मिळाले. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही तेथेच, शेजारी. रस्त्यावर जखमी झालेली कुत्री, गाई, घोडे यांच्या सोबतीने ओच्यात पिल्लू धरून बसलेल्या आजीबाई तेथे कोणालाही वेगळ्या वाटत नाहीत. निघण्यापूर्वी मात्र सशांना पाहणारे डॉक्टर त्या वेळी आहेत का, हे फोनवर विचारून घ्यावे. कुत्र्यामांजरांवर हात बसलेला प्रत्येक जण सशात निष्णात असतोच असे नाही.

वाटेत पिल्लाला झाकलेल्या टोपलीत, गवतावर ठेवावे. अंग थंड असल्यास कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी, मात्र सरकून दूर जाण्याइतकी जागा सोडूनच. त्याला उपाशी ठेवायचे नसते. शेवटच्या लेंड्या पुडीत बांधून न्याव्यात. डॉक्टर त्या तपासतात.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. चारशे ग्रॅमच्या जिवाला अर्धा थेंब अधिक की उणा, याला अर्थ असतो. म्हणून घरी परतल्यावर रोज सकाळी, एकाच वेळी, पिल्लाचे वजन करावे लागते. झवेरी बाजारातील घरात त्यासाठी वेगळा काटा आणावा लागत नाही. पिल्लू सांडू नये म्हणून तेवढी एक खोलगट वाटी घ्यावी, तिचे वजन वजा करावे आणि आकडा तारखेसह वहीत मांडावा.