एक वीत घेर

संस्कृतमध्ये डोलकाठीला 'गुणवृक्षक' असा एक शब्द आहे. अमरकोशात तो 'कूपक' या शब्दाच्या जोडीने येतो. गुण म्हणजे दोर, तेव्हा गुणवृक्षक म्हणजे दोरांचे झाड. मराठीने दोर सोडून दिले आणि डुलणे तेवढे पकडले. भाषेच्या तासाला हे दोन शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहीत आलो. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा, असे सांगत आलो. त्या दोन तऱ्हांची गणितेही दोन आहेत, हे मात्र मला निवृत्तीनंतर, तेही पुतण्याकडून कळले.

चहूबाजूंनी दोरांनी ताणून धरलेली काठी मुख्यतः दाबली जाते. दोर तिला खाली खेचतात आणि फार बारीक असेल तर ती मध्येच बाक येऊन मोडते. अशा खांबाचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. दोरांवाचून नुसती होडीत रोवलेली काठी मात्र माडासारखी. ती डुलते, वाकते, आणि सर्वांत जास्त ताण ती होडीच्या पाटातून बाहेर पडते तिथे येतो. आमच्या आबांच्या काठ्या या दुसऱ्या जातीच्या.

आबा सुतार. दाभोळच्या खाडीकाठी लहान होड्या बांधत. चौकोनी वाशाची गोल काठी करताना ते आपली दोन फुटी घडीची पट्टी वाशावर तिरपी ठेवत, तिची दोन टोके वाशाच्या दोन कडांना टेकवत आणि ७ व १७ इंचांवर खुणा करत. त्या रेषांपर्यंत चारही कोपरे तासले की अष्टकोन, मग सोळा कोन, मग रंधा मारून गोल. काटेकोर उत्तर ७.०३ येते, त्यात दोनाचे वर्गमूळ लपलेले आहे. आबांना वर्गमूळ ठाऊक नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही.

पण काठी किती जाड, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर एकच असे : "एक वीत घेर. बास." कॉलेजात जाऊ लागल्यावर मला या उत्तराची लाज वाटू लागली, हे कबूल करतो.

१९८३ च्या मार्चमध्ये त्यांनी एक होडी बांधून दिली. नेहमीपेक्षा हातभर रुंद, चिरे वाहण्यासाठी. काठी नेहमीचीच. दुसऱ्याच आठवड्यात दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात, चिऱ्यांनी भरलेल्या होडीत ती पाटाशी कडकन मोडली आणि तांडेलाचा हात कोपरापाशी गेला. आबांनी मालकाचे पैसे परत केले. वारा भलता होता, असे खाडीवरचे सगळेच म्हणाले. आबा काहीच म्हणाले नाहीत. पुढे ते फक्त दारे-खिडक्या करीत राहिले.

पुतण्या आता हौसेने एक छोटी शिडाची होडी बांधतो आहे. त्याने वही उघडून जे सांगितले, ते ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. काठीची जाडी वाऱ्यावर ठरत नाही, होडीवर ठरते. वारा कितीही वाढला तरी होडी जेवढा प्रतिकार करील तेवढाच भार काठीवर येतो. त्यापुढे होडीच कलंडते. दोन माणसे, मिळून १३५ किलोंची, मध्यरेषेपासून पाऊण मीटरवर बसली, तर होडीचा सरळ राहण्याचा जोर सुमारे १००० न्यूटन-मीटर. वीत नऊ इंचांची धरली तर एक वीत घेराची काठी ७३ मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर पाटाशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २६ न्यूटन ताण येतो. सिटका स्प्रूसचा निर्दोष तुकडा ७० च्या आसपास मोडतो. आबांचे लाकूड निराळे होते, पण तुलनेपुरते पाहिले तर अडीचपटीहून अधिक राखण. गाठी, ओल, अचानक येणारे झोत हे सगळे या राखणीत बसवायचे. म्हणजे आबांची वीत त्यांच्या नेहमीच्या होडीला चोख होती.

रुंद आणि तळाशी चिऱ्यांनी जड झालेली होडी मात्र कलत नाही. तिचा जोर निदान दुप्पट, म्हणून काठीवरचा ताणही दुप्पट, आणि राखण जवळजवळ संपलेली. जी होडी वाऱ्यापुढे झुकते ती आपली काठी वाचवते. जी ठाम उभी राहते ती मोडून घेते. वारा भलता असण्याची गरजच नव्हती.

मला खरी चुटपुट लागली ती यानंतरच्या आकड्याने. काठीची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दुप्पट ताकदीसाठी दुप्पट जाडी लागत नाही, दोनाच्या घनमुळाइतकी, म्हणजे १.२६ पट पुरते. सव्वा वीत! एवढेच हवे होते.

भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त नौकांची लांबी-रुंदी आहे, लाकडाचे चार वर्ण आहेत, चार डोलकाठ्यांची नौका पांढरी रंगवावी आणि एकीची निळी, असेही आहे. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली आपल्या ग्रंथात हे सारे अभिमानाने मांडले. त्यात कमीपणा काही नाही. पण अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज २०२५ साली नौदलात आले, तेव्हा त्याच्या लाकडी डोलकाठीची तपासणी नौदलाला स्वतंत्रपणे करावी लागली. चित्रात काठी दिसते, तिच्यावरचा भार दिसत नाही. आबांच्या वितीतही तो दिसत नव्हता. वीत काठीची होती, आणि हिशेब मागत होती होडी.

"काका, आपण आजोबांचंच माप ठेवूया," पुतण्या म्हणाला. "माझ्या होडीला ते बरोबर बसतंय. फक्त वीत कोणाची धरू?"

घरी येऊन आबांची पट्टी काढली आणि तिच्यावर माझी वीत मोजली. साडेआठ इंच भरली. आबांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता की लहान, ते काही केल्या आठवेना.