मिठाला पाणी सुटलं की

नागपूरच्या माणसाला पाऱ्याचा भारी अभिमान. मे २०१३ मध्ये ४७.९ अंश झालं होतं, हे आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ वर उतरला होता, तेही तितक्याच कौतुकानं सांगतील. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा चेहरा पडला. हवेत ओलावा किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्या घरात तो आकडा बघायची सवय लागली ती शंख्यामुळे.

शंख्या म्हणजे शंखात राहणारा, जमिनीवर हिंडणारा खेकडा. धरमपेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर मुंबईहून बदलून आलेलं एक बँकेतलं कुटुंब भाड्यानं राहायचं. त्यांच्या मुलीनं हट्टानं घेतलेले दोन खेकडे सामानासोबत प्लास्टिकच्या डब्यात आले. पुढे पुन्हा बदली झाली, या वेळी दिल्लीला, आणि डबा आमच्याकडे राहिला. “काकू, रोज थोडं पाणी शिंपडा, बस्स,” एवढ्या सूचनेवर. दोघांतला पेंद्या आला तेव्हापासूनच मलूल होता, तो फार टिकला नाही. शंख्या टिकला. त्याच्या शंखावर कुणीतरी हिरव्या ऑइलपेंटनं हसरा चेहरा रंगवला होता, त्याचे पोपडे निघत होते. गोकुळपेठेतून भाजी घेऊन आलेली आमची कामवाली बाई तो चालताना पाहून पिशवी तिथंच टाकून किंचाळली, “बाई, शंख चालून राहिला ना!” आणि शंख आहे म्हणून लगेच हातही जोडले.

हा प्राणी समुद्र सोडून जमिनीवर आला खरा, पण श्वास अजून कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओले असतील तरच हवेतला प्राणवायू त्याला मिळतो. पाण्यात बुडवून ठेवला तर गुदमरतो आणि कोरड्या हवेत ठेवला तरी गुदमरतो, फक्त सावकाश. म्हणून तो शंखात चमचाभर पाणी भरून हिंडतो. त्याला हवा लागते पंच्याहत्तर-ऐंशी टक्के ओलाव्याची आणि साधारण २५ ते २८ अंशांची. आमच्या एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरचा ओलावा पंचवीसच्या खाली जातो, त्याचं नवलही वाटत नाही. कपडे दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतात आणि त्याचं आम्हाला कौतुकच असतं.

मग डबा गेला आणि काचेची मोठी पेटी आली, वर काचेचंच झाकण. तळाशी कन्हानची रेती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, वीतभर जाड थर, मुठीत बेसनाच्या लाडवासारखा वळला पाहिजे इतपत ओला. दोन वाट्या पाण्याच्या. एक गोड्या पाण्याची. नळाला येणारं पेंचचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवायचं, क्लोरीन उडून जाऊ द्यायचं. दुसरी खाऱ्या पाण्याची, मत्स्यालयवाल्याकडचं मीठ लिटरला ३५ ग्रॅम. आयोडीनचं घरातलं मीठ त्यासाठी चालत नाही. कवच घट्ट व्हायला चुना लागतो, म्हणून इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन. दुकानदारानं “कान फुटला का कोणाचा?” असं विचारलं. खरं सांगितलं असतं तर आणखी दहा प्रश्न आले असते.

पेटीत ओलावा मोजायला छोटं यंत्र लावलं. असली स्वस्त यंत्रं दहा-दहा टक्क्यांनी खोटं बोलतात, पण त्यांची परीक्षा सोपी असते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, लापशीइतकं ओलं करायचं, यंत्रासोबत हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ च दिसला पाहिजे. ओल्या मिठावरची हवा बरोबर त्याच आकड्यावर स्थिरावते, आणि बाहेरच्या हवेतला ओलावा त्याच्या वर गेला की कोरडं मीठही हवेतून पाणी ओढू लागतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेव्हा?” अगदी तेव्हाच. स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटलं की शंख्याचे दिवस आले. तेव्हापासून मृगाचा पाऊस आला की त्या आधी मिठाची बरणी उघडून बघतात, मग मला हाक मारतात, “काढ गं त्याचं झाकण.”

लोकांना वाटतं उन्हाळा त्याला जड जात असेल. खरं तर उन्हाळ्यावर आमच्याकडे उतारा आहे, कूलर. जो कूलर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना चिकट वाटतो, तोच त्याच्या पथ्यावर पडतो. वाळ्यातून येणारी गार, ओली हवा. नवतपात पेटी तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत, जिथं भिंती दीड हात जाड आहेत. वाळ्याचा वास सुटला की तो दुपारीही बाहेर येतो. एरवी तो निशाचर.

जड जातो तो हिवाळा. थंडी आणि कोरडेपणा एकदम येतात. घरच्या एका हुशार माणसानं सुचवलं, बल्ब लावा. पण हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि ओलावा भरला नाही तर टक्केवारी धाडकन उतरते. बल्बनं ऊब मिळते आणि कल्ले सुकतात. शेवटी काचेच्या मागच्या बाजूला बाहेरून चिकटवायची उबेची पट्टी आणली, रेतीच्या पातळीच्या वर. खालून लावली तर रेतीत लपलेला प्राणी भाजून निघेल. वाटीभर ओलं शेवाळ आत ठेवलं. साडेतीन अंशांच्या त्या रात्री आम्ही दोन-दोन रजया घेऊन कुडकुडत होतो आणि पेटीच्या काचेवर आतून दव जमलं होतं.

शंख बदलताना मी त्याला एकदाच पाहिलं. रत्नागिरीच्या मावशींनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं, गोल तोंडाचे रिकामे शंख पाठवले होते. ते उकळून आत ठेवले. कित्येक रात्री त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग एका रात्री काचेवर टकटक ऐकू आली म्हणून टॉर्चवर लाल कागद धरून बघितलं. तो एक शंख पायांनी गोल गोल फिरवत होता. मोठी, जांभळट डावी नांगी आत घालून खोली मोजली, रेतीचे कण काढून टाकले, तोंडाशी तोंड लावून थांबला. आणि मग हिरव्या शंखातून बाहेर. मागचं सगळं अंग मऊ, उघडं, गुलाबीसर, उजवीकडे वळलेलं, कारण बहुतेक शंखांचा पीळच तसा असतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत तो नव्या घरात होता. समुद्रकिनाऱ्यावर हे एकट्यानं होत नाही म्हणे. बेलिझमध्ये अभ्यासकांनी पाहिलं आहे, मोठा शंख सापडला की खेकडे आकारानं रांग लावून उभे राहतात, पहिल्यानं घर बदललं की मागचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. आमच्याकडे रांगेला कुणी नव्हतं. हिरवा शंख मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

मी स्वतः असा प्राणी विकत घेणार नाही, आणि विचारणाऱ्यांनाही घेऊ नका म्हणते. याची पिल्लं सुरुवातीला समुद्रात वाढतात, घरातल्या पेटीत वंश वाढत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे बाजारात येतो तो कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेलाच. कात टाकायला महिना-दीड महिना रेतीत गाडून घेतो, तिथंच स्वतःचं जुनं कवच खातो आणि मग वर येतो. तेवढ्यात मेला समजून लोक फेकून देतात.

मागच्या मे महिन्यात त्याच रत्नागिरीच्या मावशी पहिल्यांदा नागपुरात आल्या. येताच म्हणाल्या, “कशाला हाल करता मुक्या जिवाचे? द्या माझ्याबरोबर, आमच्या मांडवीला सोडते.” सांगावं लागलं की तो कुठल्या किनाऱ्याचा, अंदमानचा की लक्षद्वीपचा, कोणाला ठाऊक, परक्या किनाऱ्यावर सोडला तर तोही जगायचा नाही आणि असलाच रोग तर तिथल्यांना द्यायचा. मावशींना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, “घामच येत नाही गं तुमच्यात” म्हणून त्या घाबरल्या. सासूबाईंनी त्यांची गादी मधल्या खोलीत, कूलरसमोर, पेटीला लागून घातली आणि परतीच्या गाडीपर्यंत मावशी तिथून हलल्या नाहीत.